होकायंत्र का भरकटतं आणि सड्यावर चपला का काढायच्या

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की जुन्या पवित्र जागांबद्दल, म्हणजे सडे (जांभ्या दगडाचे उघडे माळ), डोंगर, देवराया, उभे दगड असं जे काही आपल्या आजूबाजूला आहे त्याबद्दल मनात काही असेल तर विचारा, आणि पत्रं नि मेल इतके आले की सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून पाच प्रश्न घेतलेत. जे एकसारखे होते ते एकत्र केले.

प्रश्न : ताई, आमचं गाव राजापूर तालुक्यात, राहतो डोंबिवलीला. मे महिन्यात मुलांना घेऊन देवाचे गोठणेच्या सड्यावरचं कातळशिल्प बघायला गेलो. तिथे होकायंत्र ठेवलं की सुई भलतीकडेच फिरते, आम्ही स्वतः बघितलं. सोबतचा माणूस म्हणाला खाली एनर्जी आहे. आठवीतला मुलगा म्हणतो दगडात लोखंड आहे. माझी आई म्हणते तिथे राखणदार (जागा सांभाळणारा देव) आहे, उगाच खेळ करू नका. कोणाचं खरं मानायचं? (एक वाचक, डोंबिवली)

मुलाचं बरोबर आहे, आणि आईचंही. एनर्जीवाल्याचं मात्र मला पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर सांगते कारण हाच प्रश्न एकूण सहा जणांनी विचारलाय.

जांभा म्हणजे लोहाने भरलेला दगड, तो लाल दिसतो तोच मुळी गंजामुळे. लाखो वर्षं धोधो पाऊस पडून खालच्या दगडातलं बाकीचं बरंचसं धुऊन गेलं आणि लोह नि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा झाला जांभा. त्या लोहाचे काही प्रकार चुंबकाला धरतात. त्यात उघड्या माळावर वीज पडली की तिचा करंट दगडातून जातो आणि आजूबाजूचे काही मीटर चुंबकासारखे होऊन बसतात, हे भूगर्भवाल्यांनी जगात ठिकठिकाणी मोजलेलं आहे, आणि आपल्या सड्याइतकी विजेला मोकळी जागा दुसरी कुठली? पुढच्या वेळी मुलाला साधं सुईचं होकायंत्र द्या, मोबाईलचं नको कारण मोबाईलच्या कव्हरमध्ये पण बऱ्याचदा लोहचुंबक असतो, आणि शिल्पाच्या अलीकडून पलीकडे एका रेषेत पावलापावलाला सुई किती फिरते ते वहीत लिहायला सांगा. त्याचा तो नकाशा त्याला जन्मभर पुरेल.

आता एनर्जीचं. एनर्जी म्हटलं की लगेच पुढचे प्रश्न येतात, किती आहे, कसली आहे, मला मिळेल का, आणि बघता बघता ती जागा चार्जिंग पॉइंटसारखी होते, जायचं, भरून घ्यायचं, निघायचं. राखणदार म्हटलं की सगळं उलट होतं. राखणदार असला की तुम्ही पाहुणे. मग विचारून पाय ठेवायचा, चपला बाहेर, आवाज हळू, काही उचलून न्यायचं नाही. आईचं सांगणं हे वागण्याबद्दलचं सांगणं आहे, त्याला मुलाच्या लोखंडाशी भांडायचं काही कारणच नाही, दोघं एकाच वेळी खरं बोलतायत.

मी पहिल्यांदा तिथे गेले ती भर दुपारी बाराला, आणि मला काहीच दिसलं नाही. ऊन डोक्यावर असलं की जांभ्यावरची रेघ दिसतच नाही, नुसता काळपट-लाल कातळ, त्यावर वाळकं गवत. वाटेत भेटलेल्या एक काकी म्हणाल्या, आता बसा खाली देवळाशी, पाचला या. गावात भार्गवरामाचं देऊळ आहे तिथे थांबलो आणि पाचला परत चढलो. ऊन तिरपं झालं होतं, प्रत्येक रेघेच्या एका कडेने बोटभर सावली धरली होती आणि मघाशी जिथून आम्ही चालत गेलो तिथे अख्खा माणूस होता, डोकं, खांदे, पाय, सगळा. अंगावर काटा आला. आपण त्याच्यावरून चालत गेलो होतो हे कळलं तेव्हा न सांगता सगळ्यांनी चपला काढल्या.

आणि गावाचं नावच बघा ना. गोठण म्हणजे दुपारची गुरं एकत्र बसतात ती जागा. ज्यांनी ही चित्रं खोदली त्यांच्याकडे गुरं नव्हती बहुतेक, कारण कोकणातल्या या शिल्पांत शेतीचं काहीच दिसत नाही, हत्ती आहेत, वाघासारखे प्राणी आहेत, मासे आहेत, आज कोकणात औषधालाही न सापडणारा गेंडा आहे. काही अभ्यासक यातली जुनी शिल्पं दहा हजार वर्षांच्या आसपास नेतात. शिकार करून पोट भरणारी माणसं गेली, गुराखी आले, मग देव आले, आणि तरी जागा देवाचीच राहिली. विजेबद्दल एक माझी आपली कल्पना आहे, पुरावा म्हणून घेऊ नका, की होकायंत्र तर त्या माणसांकडे नव्हतं, पण आपल्या डोळ्यासमोर वीज कुठे पडली हे त्यांना नक्की माहीत असणार.

प्रश्न : केदारनाथ, कालेश्वरम, कालहस्ती, कांची, चिदंबरम, रामेश्वरम ही सगळी शिवमंदिरं ७९ रेखांशावर एका सरळ रेषेत आहेत असा मेसेज येतो. इंग्लंडमध्येही अशा रेषा आहेत म्हणे. यात पृथ्वीची काही गूढ शक्ती आहे का? (वाचक, नागपूर)

मी सरळ नकाशा घेऊन बसले. केदारनाथ साधारण ७९.०७, रामेश्वर ७९.३, कालहस्ती, कांची आणि चिदंबरम तिन्ही ७९.७ च्या आसपास, आणि कालेश्वरम, म्हणजे आपल्या सिरोंच्याच्या समोर प्राणहिता-गोदावरीच्या संगमावरचं, ते ७९.९. म्हणजे केदारनाथ ते कालेश्वरम यातच पूर्व-पश्चिम ऐंशी-नव्वद किलोमीटरचा फरक पडला. त्याच मेसेजच्या काही आवृत्त्यांत त्रिचीजवळचं जंबुकेश्वरही घालतात, ते ७८.७, मग पट्टा होतो सव्वाशे किलोमीटरचा. एवढ्या रुंद पट्ट्यात, आणि तेही देवळांनी गच्च भरलेल्या तमिळ प्रदेशातून जाणाऱ्या, पाच-सात मोठी शिवमंदिरं सापडणं यात गूढ नाही. तुमचं नागपूरच ७९.१ वर आहे! दक्षिणेतली ती तीन खरोखर एकमेकांच्या अगदी जवळच्या रेखांशावर आहेत हे मी मान्य करते, पण त्यांना बांधणारा धागा मला वेगळाच दिसतो, शैव संत नायनार देवळामागून देवळाला पायी जात गात गेले, आणि त्या पदांनी ती ठिकाणं एकमेकांना जोडली. ती रेघ वाकडीतिकडी आहे, नदीकाठाने जाते, गावात मुक्काम करते. आपल्या वारीची वाट तरी कुठे सरळ आहे?

इंग्लंडचं थोडक्यात. १९२१ मध्ये हर्फर्डशरच्या आल्फ्रेड वॉटकिन्स यांना नकाशावर जुने टेकाड, उभे दगड, चर्च एका ओळीत दिसले आणि त्यांना वाटलं की या जुन्या काळच्या सरळ वाटा असणार. ते वाटाच म्हणत होते. शक्तीच्या रेषा हे त्याला १९६० नंतर चिकटलं. आणि नकाशावर ठिपके पुरेसे असले की पट्टी कुठेही ठेवा, चार ठिपके सापडतातच, घरी करून बघा.

पण नागपूरकरांनो, तुम्ही केदारनाथची रेषा शोधताय आणि काटोल रोडच्या बाजूला जुनापाणीला सुमारे तीनशे शिळावर्तुळं आहेत ती बघितलीत का? काळ्या बसाल्टचे गोटे गोलात मांडलेले, काहींवर बोटाने दाबल्यासारखे खळगे. १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यावर लिहिलं, नंतर उत्खननं झाली. ही लोहयुगातली पुरण्याची स्थळं आहेत, साधारण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. जवळच माहुरझरीला माणसासोबत घोडाही पुरलेला सापडला, तोंडावर तांब्याचे दागिने चढवलेला. कोणीतरी आपल्या माणसाला पोचवताना त्याचा घोडा सजवून सोबत दिला, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटू शकले नाही. मला तरी रेखांशापेक्षा हे मोठं वाटतं.

प्रश्न : लोणार उल्कापाताने झालं तर लवणासुराची कथा खोटीच ना? मग तिथे देवळं कशासाठी? (विद्यार्थिनी, बुलढाणा)

खोटी कशी? लोणार आघातानेच झालं हे पक्कं आहे, तिथल्या दगडात प्रचंड दाबाने काच झालेली खनिजं १९७३ मध्ये दाखवून दिली गेली, विवर पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद आहे, आणि आर्गॉन पद्धतीने त्याचं वय सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षं येतं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं ते खारटपणा वाढून त्यात वाढलेल्या सूक्ष्मजीवांमुळे. आता कथा बघ. जमिनीखाली दडलेला असुर, विष्णूने वरचं झाकण उडवलं, त्याला मारलं, आणि त्या खड्ड्यात त्याचं रक्त नि मीठ राहिलं. सपाट काळ्या दगडाच्या मुलखात एक गोल खड्डा, आत खारं पाणी, आणि काठावर धारतीर्थाला मात्र गोड पाण्याची अखंड धार. हे बघून त्या लोकांनी ओळखलं की इथे काहीतरी भयंकर घाव बसलेला आहे. त्यांच्याकडे मायक्रोस्कोप नव्हता, गोष्ट होती. कमळजादेवीच्या देवळापाशी काठावर उभी राहा, वर विवराची कड गोल फिरताना दिसते, मग दोन्ही एकदम पटतं.

प्रश्न : आमच्या गावच्या देवराईत सातेरीचं जुनं कौलारू देऊळ आहे, गाभाऱ्यात मूर्ती नाही, वारूळ आहे. आता मुंबईकर मंडळाने मोठं आरसीसी देऊळ, सभामंडप, पेव्हर ब्लॉक आणि पार्किंग करायचं ठरवलंय. चौदा झाडं जाणार, त्यात एक सातवीण अशी की तीन माणसांच्या कवेत मावत नाही. देवीला कौल लावला, म्हणजे तिची मर्जी विचारली, आणि कौल झाला असं सांगतात. मी विरोध केला तर देवीच्या कामात आडवा आला म्हणतात. मी स्वतः देवीला मानणारा माणूस आहे, दर वर्षी ओटी भरतो. काय करू? (वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा)

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. या महिन्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे म्हणून याला जास्त जागा देतेय.

सगळ्यात आधी, तुम्ही देवीच्या कामात आडवे येत नाही आहात. सातेरी ही भूमी आहे, वारूळ हे तिचं रूप, गोव्यात त्यालाच रोयण म्हणतात. आणि वारूळ ही जिवंत गोष्ट आहे. पाषाणाची मूर्ती एकदा घडवली की तशीच राहते, पण तुमच्या गाभाऱ्यातली देवी वाढते, दर पावसाळ्यानंतर कुठे नवा उंचवटा येतो, कुठे ओली माती दिसते, गुरव ते बघतात आणि गावाला सांगतात. ते कशावर वाढतं? वाळवीला जमिनीतली ओल लागते, कुजलेलं लाकूड लागतं, पालापाचोळा लागतो. तो सगळा राईतून येतो. म्हणजे ती राई हाच देवीचा नैवेद्य आहे, रोजचा, कोणी न वाढता वाढलेला. चौदा झाडं तोडून, चारी बाजूंनी पेव्हर ब्लॉक घालून, खाली काँक्रीट ओतून देवीला मोठं घर बांधलं आणि आत वारूळ सुकत गेलं तर आपण काय केलं म्हणायचं? हे असंच्या असं मीटिंगमध्ये बोला. पर्यावरण हा शब्दसुद्धा काढू नका, देवी उपाशी राहील एवढंच बोला, कारण ते खरं आहे.

कौलाचं नाजूक आहे, पण ते टाळून चालणार नाही. कौल हा प्रश्नाला मिळतो. गुरवांना आदराने विचारा की गाऱ्हाण्यात, म्हणजे देवीपुढे घातलेल्या विनवणीत, नेमकं काय मागितलं होतं. "देवीचं देऊळ बांधतोय, राजी आहेस का" असं विचारलं असेल तर कोणती आई नको म्हणेल? पण "तुझी सातवीण तोडू का" हे वेगळं विचारलं होतं का? नसेल तर मानकऱ्यांना सांगा की हा प्रश्न स्वतंत्र घालूया, सगळ्या गावासमोर, झाडाचं नाव घेऊन. मी एका गावात हे प्रत्यक्ष बघितलंय. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवी म्हाराजा" म्हणून सुरुवात झाली, झाडांची एकेक नावं घेतली गेली आणि दर वेळी मागून "व्हय म्हाराजा" यायचा तो हळूहळू बारीक होत गेला. नावं ऐकूनच माणसांचा आवाज बसला होता. पाषाणाला लावलेली पाकळी कुठली पडते त्याआधीच गावाने मनात ठरवून टाकलं होतं. त्या गावची राई अजून उभी आहे.

कायद्याची बाजू पण हातात ठेवा, लगेच उगारू नका. पहिल्यांदा सातबारा काढा, कोकणात बऱ्याच देवरायांची जमीन सरकारच्या नावावर असते आणि गावाला ते माहीतच नसतं, तसं असेल तर मंडळाला तिथे झाड तोडायचा अधिकार नाही. खासगी असली तरी महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली ठरावीक झाडांना परवानगी लागतेच. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, २००२ च्या जैवविविधता कायद्याने ती सांगितलीय, तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत तुमची राई आहे का बघा, नसेल तर आधी तिची नोंद करून घ्या, झाडांच्या संख्येसकट. दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याचं मायरिस्टिकाचं (रानजायफळाच्या झाडांचं) पाणथळ जंगल आज जैवविविधता वारसा स्थळ आहे, आणि ते टिकलं ते लोकांनी देवाचं म्हणून राखलं म्हणूनच. आणि १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवराया फिरून नोंदवल्या तेव्हापासून हे सांगितलं जातंय की आजूबाजूचा डोंगर बोडका झाला तरी जुनं जंगल कसं होतं ते या तुकड्यांत शिल्लक आहे.

अशा मोठ्या जुन्या झाडांच्या ढोलीत धनेशाची मादी आत बसून दार लिंपून घेते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर फळं आणून फटीतून भरवतो. ढोली होण्याइतकं झाड म्हातारं व्हायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या जातात. तुमच्या राईत झरा असेल तर तो कोणाकोणाच्या विहिरीला पाणी देतो हेही गावातल्या बायकांना विचारा, मीटिंगला त्यांना बोलवा, पाण्याचं त्या बोलतील ते कोणी खोडू शकणार नाही.

मुंबईकरांशी मात्र भांडू नका. त्यांचं प्रेम खरं आहे. दहा बाय दहाच्या खोलीत राहून महिन्याला पैसे बाजूला काढलेत देवीसाठी, त्यांना काहीतरी द्यायचंय, आणि द्यायचं म्हटलं की काँक्रीटच डोळ्यासमोर येतं कारण शहरात त्यांना तेच दिसतं. मग त्यांना दुसरं काम द्या. पडलेला गडगा (दगडी कुंपण) परत रचायचाय. पाखाडी (पायऱ्यांची वाट) नीट करायचीय, म्हाताऱ्या माणसांना पावसात घसरायला होतं. जुन्या देवळाचे वासे बदलायचेत, कौलं शेकारायचीत, चिऱ्याचा चौथरा दुरुस्त करायचाय. सभामंडप हवाच असेल तर राईच्या बाहेर, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत, पार्किंगही तिकडेच, आणि तिथून देवीपर्यंत चालत, अनवाणी. कोनशिलेवर मंडळाचं नाव घालायचं तर पाखाडीच्या पहिल्या पायरीवर घाला, येणारा प्रत्येक माणूस वाचेल. काय झालं ते मला नक्की कळवा.

प्रश्न : गोव्यात पणसायमळला दगडावर सात वेढ्यांचा चक्रव्यूह कोरलाय. इथे अमेरिकेत एका रिट्रीटमध्ये (ध्यानाच्या शिबिरात) तसाच वेटोळा आखून त्यावर चालायला लावतात आणि पूर्वज जागे होतात असं सांगून बरेच डॉलर घेतात. डिसेंबरमध्ये आम्ही गोवा-रत्नागिरीला येतोय, तिथे मूळ जागी जाऊन ध्यान करावं का? (वाचक, न्यू जर्सी)

पैसे देऊन पूर्वज जागे होत नाहीत, एवढं मी खात्रीने सांगते. वेटोळ्यावर सावकाश चाललं की मन शांत होतं हा अनुभव मात्र खरा असू शकतो, देवाला प्रदक्षिणा घालताना आपल्यालाही तो येतोच, त्यासाठी अंगणात खडूने आखलं तरी चालेल. पणसायमळ कुशावती नदीच्या काठच्या जांभ्याच्या सपाटीवर आहे, १९९३ मध्ये ही शिल्पं अभ्यासकांसमोर आली, चक्रव्यूहाशिवाय बैल, हरणं, माणसं अशी शंभरावर चित्रं आहेत. तशीच सात वेढ्यांची आकृती क्रीट बेटावरच्या क्नॉससच्या जुन्या नाण्यांवरही आहे, कुठून कुठे गेली यावर मी काही बोलणार नाही, पण माणसाच्या हाताला हा आकार पुन्हा पुन्हा सुचलाय. कोरलेल्यावर चालू मात्र नका, ध्यानाला कडेला बसा, नदीचा आवाज येतो.

रत्नागिरीत वेळ असेल तर कशेळीचा हत्ती बघा, साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, आणि त्याच्या अंगात मासे, पक्षी, प्राणी भरलेत. उक्षी आणि बारसूही करा. बारसूचा सडा २०२३ मध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणावरून आंदोलन झालं तो, नाव ऐकलं असेल. कोकणातली आणि गोव्यातली मिळून नऊ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्याआधी आणि अजूनही सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्यासारखी माणसं गावोगाव पायी फिरून, गुराख्यांना विचारून ही शोधत आलीत. काही ठिकाणी गावकरी आधीपासून पूजा करतच होते, पांडवांनी एका रात्रीत खोदलं म्हणून सांगतात.

जाताना गावातला माणूस सोबत घ्या आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. सकाळी आठच्या आत किंवा चारनंतर जा, दुपारी रेघ दिसत नाही. फोटो उठून यावा म्हणून खडू, चुना, गेरू काही भरू नका, पाणी ओतू नका, खाचेत पाय ठेवू नका, गाडी सड्यावर चढवू नका. आजूबाजूला चिरेखाण चालू दिसली आणि ती शिल्पाच्या जवळ येत असेल तर फोटो काढून तारखेसकट ग्रामपंचायतीला आणि पुरातत्त्व खात्याला पाठवा, मशीनने चिरे कापायला एक दिवस पुरतो. आणि पाण्याच्या बाटल्या भरपूर न्या, सड्यावर सावलीला एक झाड नाही, मुलांना टोपी घाला.